पहिला नंबर कुणाचा ते नंतर बोलू, आधी माझा ड्रॉवर बघा

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या अंकातली ती मोबाईलवाली चौकट वाचली, कोणाचे किती टक्के ती. अँड्रॉइडचे इतके, आयफोनचे इतके, आणि खाली एक ओळ की भारतात आयफोन शंभरात जेमतेम चार-पाच जणांकडे आहे म्हणजे ऍपलची इथे डाळ शिजली नाही. मला पत्रबित्र लिहायची सवय नाही, शेवटचं पत्र बहुतेक दहावीच्या पेपरात लिहिलं असेल, पण ही ओळ वाचून गप्प बसवेना. इंदूरला रामबागेत माझं मोबाईलचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली, आधी पीसीओ आणि रिचार्ज, मग नोकिया, मग जे येईल ते. आकडा चुकलाय असं माझं म्हणणं नाही, आकडा बरोबरच असेल. त्या आकड्यावरून कोण जिंकलं आणि कोण हरलं हे काढता ना, तिथे माझं भांडण आहे.

काउंटरच्या खाली माझा एक ड्रॉवर आहे. लोक जुना फोन ठेवून जातात, "चालू झाला तर ठीक नाही तर राहू दे" म्हणतात आणि परत येत नाहीत. त्यात नोकियाचा एन-७० आहे, ब्लॅकबेरी आहे, ल्युमिया आहे दोन, मायक्रोमॅक्स तर किती आहेत मोजलेच नाहीत, आणि एक जिओफोन. यातला जवळपास प्रत्येक कधी ना कधी कुठल्या तरी चौकटीत वरच्या नंबरावर होता साहेब.

आधी हे टक्के मोजतात कसे ते सांगतो कारण वाचणाऱ्याला वाटतं की कोणीतरी घरोघरी जाऊन खिसे तपासले. तसं काही नसतं. आयडीसी, कॅनालिस वगैरे ज्या संस्थांचे आकडे पेपरात येतात ते बहुतेक शिपमेंटचे असतात, म्हणजे त्या तीन महिन्यांत कंपनीकडून माल निघाला किती. निघाला. विकला गेला का, गिऱ्हाईकाने डबा उघडला का, ते वेगळं. आमच्या धंद्यात याला बिलिंग म्हणतात आणि याचा अनुभव घ्यायचा असेल तर ३१ मार्चला कुठल्याही दुकानावर येऊन बसा. एका कंपनीचा माणूस (नाव घेत नाही, त्याचीही नोकरी आहे) संध्याकाळी साडेसातला आला, म्हणाला भिया चाळीस पीस बिल करून घे, टार्गेट अडलंय, स्कीम देतो वरून. मी घेतले. त्यातले अकरा विकले गेले, मग कंपनीने स्वतःच किंमत पाडली, प्राइस ड्रॉपचे पैसे मला मिळाले ते आठ महिन्यांनी आणि तेही अर्धे. पण कंपनीच्या हिशेबात माझे चाळीसच्या चाळीस त्या तिमाहीत "गेले". असे चाळीस चाळीस गावागावात केले की होतो एक टक्का. तो टक्का माझ्या कपाटात धूळ खात पडला होता हे तुमच्या चौकटीला कुठून कळणार?

दुसरी एक मोजणी असते, स्टॅटकाउंटरवाल्यांची, ते बघतात वेबसाइटची पानं कुठल्या फोनवरून उघडली गेली. ती वेगळी, तिचं उत्तर वेगळं. २०१४ च्या शेवटच्या तिमाहीत तर मजा झाली होती, कॅनालिसने सांगितलं की भारतात मायक्रोमॅक्स पहिला, सॅमसंग दुसरा, २२ टक्के आणि २० टक्के, आणि सॅमसंगने लगेच दुसऱ्या संस्थेचा कागद काढून दाखवला की नाही, आम्हीच पहिले. दोघेही पहिले! आमच्या जेल रोडवर त्या आठवड्यात दोन्हीचे बोर्ड लागले होते. आणि तीन वर्षांनी, २०१७ च्या शेवटी, शाओमी सॅमसंगच्या पुढे गेली आणि मायक्रोमॅक्स कुठे होता? माझ्या ड्रॉवरमध्ये. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, लोकांना रातोरात फोर-जी फोन पाहिजे झाला, आणि दुकानदारांकडे थ्री-जीचा माल भरलेला, त्यात नोटबंदी. पहिला नंबर काय कामाला आला?

नंबर एकचं वेड इंदूरला नवीन नाही म्हणा, २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर म्हणून आपण छाती फुगवून फिरतोय. पण त्या परीक्षेत निदान रस्ता झाडलाय की नाही ते बघायला माणूस येतो, झाडू किती खपले यावर मार्क देत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल कंपन्या येतात जातात, प्रश्न प्लॅटफॉर्मचा आहे, अँड्रॉइड की आयफोन. बरं, तेच घ्या. २००७ मध्ये जगातल्या दर तीन स्मार्टफोनमधले जवळपास दोन सिम्बियनवर, म्हणजे नोकियाच्या फोनात असायची त्या सिस्टीमवर चालायचे. त्याच वर्षी जानेवारीत स्टीव्ह जॉब्सने आयफोन दाखवला तेव्हा त्याचा हिस्सा किती होता? शून्य, कारण विक्रीच जूनच्या शेवटी सुरू झाली. बरं सिम्बियन लगेच पडलं असंही नाही. २०१० मध्ये नोकियाने दहा कोटींच्या आसपास स्मार्टफोन विकले, तोपर्यंतचं त्यांचं सगळ्यात मोठं वर्ष. आणि बरोब्बर त्यानंतरच्या फेब्रुवारीत त्यांच्याच साहेबाने, स्टीफन एलॉपने, आपल्या माणसांना पत्र लिहिलं की आपण जळत्या प्लॅटफॉर्मवर उभे आहोत. दहा कोटी विकून जळता प्लॅटफॉर्म! म्हणजे गिनती उत्तम चालू होती आणि आतून घर पेटलं होतं. विकलेला फोन मागच्या वर्षीच्या नावावर जमा होतो, पुढच्या वर्षी गिऱ्हाईक काय मागणार ते तो सांगत नाही. हे मला तेव्हा कळलं असतं तर त्या दिवाळीला मी सिम्बियनचा एवढा स्टॉक भरला नसता. असो.

मग नोकिया विंडोजकडे गेली आणि ल्युमिया आले. खरं सांगतो, फोन फार सरस होता. स्वस्तातला ल्युमिया ५२० सुद्धा लोण्यासारखा चालायचा तेव्हा त्याच किमतीचा अँड्रॉइड आचके द्यायचा. मी स्वतः वापरला, बायकोला दिला, मेहुण्याला विकला (मेहुणा अजून ऐकवतो). पण गिऱ्हाईक आठ दिवसांनी परत यायचा, काका यात हे ॲप येत नाही, ते ॲप येत नाही. यूट्यूबचं तर भांडणच झालं, २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतः त्याचं ॲप बनवलं आणि गूगलने ते बंद पाडलं. इन्स्टाग्राम आलं ते २०१३ संपता संपता. ॲप बनवणारा म्हणायचा तुमच्याकडे लोकच कमी आहेत, कशाला मेहनत करू, आणि लोक म्हणायचे ॲपच नाहीत, कशाला घेऊ. या चक्रात अडकलेला फोन बाहेर निघत नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोनचा धंदा सात अब्ज डॉलरच्या वर मोजून घेतला आणि २०१५ च्या जुलैत ७.६ अब्ज डॉलर बुडीत दाखवले, म्हणजे जवळपास सगळा सौदाच बुडाला.

म्हणून टक्क्याला काहीच अर्थ नाही असं मी म्हणत नाही, इथे गैरसमज नको. टक्का म्हणजे पासिंग मार्क आहेत. ३३ च्या खाली गेलात तर नापास, मग पोरगं किती का हुशार असेना, पुढच्या वर्गात कोणी बसू देत नाही, ल्युमियाचं तेच झालं. पण एकदा पास झालात, ॲपवाले तुमच्यासाठी ॲप बनवायला लागले, बँकवाले बनवायला लागले, मग पुढे ४० की ७० यावरून कोण यशस्वी ते ठरत नाही. आयफोन भारतात चार-पाच टक्के असूनही पास आहे कारण त्याची परीक्षा फक्त भारतात होत नाही ना, अमेरिकेत आणि जपानमध्ये तो निम्म्याहून जास्त आहे, तिथल्या मार्कांवर त्याला इथली सगळी ॲप मिळतात. इंदूरची बँक सुद्धा आयफोनचं ॲप काढते. ल्युमियाला ते कुठेच जमलं नाही.

माझ्यासारख्या दुकानदाराकडे प्लॅटफॉर्मच्या मरणाची तारीख काढायची एकच पद्धत आहे, व्हॉट्सॲप कधी बंद झालं. नोकियाच्या सिम्बियनवर ३० जून २०१७. ब्लॅकबेरीवर ३१ डिसेंबर २०१७. विंडोज फोनवर ३१ डिसेंबर २०१९. या तारखांच्या पुढच्या आठवड्यात लोक रांग लावून आले होते, फोन चांगला, स्क्रीनवर ओरखडा नाही, आणि म्हणायचे याच्यात व्हॉट्सॲप टाकून द्या. कुठून टाकू? त्या फोनचा मार्केट शेअर तेव्हा किती होता हे कोणालाही विचारावंसं वाटलं नाही.

आता पैशाचं बघू, कारण शेवटी धंदा आहे. सराफ्यात या संपादक साहेब कधी. दिवसा सोन्या-चांदीची पेढी, मोजकं गिऱ्हाईक, गादीवर शांत बसलेला शेठ. रात्री शटर खाली आणि त्याच ओट्यासमोर भुट्टे का किस, गराडू, जिलबी, पाय ठेवायला जागा नाही. माणसं मोजली तर रात्रवाला दिवसवाल्याच्या किती पट पुढे. मग दिवसवाला अपयशी म्हणायचा का? तो म्हणेल गर्दी तुम्ही ठेवा. काउंटरपॉइंट नावाच्या अशाच एका मोजणी संस्थेने २०२२ चा हिशेब मांडला होता, जगभरात विकलेल्या फोनमध्ये ऍपलचे १८ टक्के आणि सगळ्या फोनवाल्यांच्या मिळून नफ्यात ऍपलचा वाटा ८५ टक्के. आणि याहून गमतीची गोष्ट अमेरिकेत गूगलवर मोनोपॉलीचा खटला चालला त्यात बाहेर आली, आयफोनच्या ब्राउझरमध्ये आपलंच सर्च पहिलं दिसावं म्हणून गूगलने एकट्या २०२२ मध्ये ऍपलला २० अब्ज डॉलर दिले. जगातला सगळ्यात मोठा मोबाईल प्लॅटफॉर्म ज्याचा, तो लहान हिस्सावाल्याला पैसे मोजतो. कारण तिथे जे गिऱ्हाईक बसलंय ते पैसे खर्च करणारं आहे हे गूगलला चांगलं माहीत आहे.

आणि अँड्रॉइड जिंकलं म्हणता तेव्हा कोण जिंकलं? पहिला अँड्रॉइड फोन २००८ मध्ये एचटीसीने बनवला. अँड्रॉइड वाढत गेलं, जगातल्या दहातल्या सात फोनांवर जाऊन बसलं, आणि एचटीसीने २०१७ मध्ये आपली निम्मी इंजिनिअर मंडळी १.१ अब्ज डॉलरला गूगलला देऊन टाकली. एलजीने २०२१ च्या एप्रिलमध्ये जाहीर केलं की आम्ही फोन बनवणंच बंद करतोय, सहा वर्षं तोटा खाऊन. जिंकलेल्या टीममधले खेळाडू हे. घोडा पहिला आला आणि स्वार वाटेत पडला तरी आपण टाळ्या वाजवतोय. गूगलचं ठीक आहे, फोन कोणाचाही विको, सर्च आणि प्ले स्टोअर त्यांचंच. पण त्याचाही एक भाव लागतो, जास्त टक्का झाला की सरकार दारात येतं. २०२२ च्या ऑक्टोबरात आपल्या स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या जोरावर दादागिरी केली म्हणून गूगलला १३३७.७६ कोटींचा दंड लावला आणि २०२३ मध्ये अपिलात तो कायम राहिला.

ड्रॉवरमधल्या जिओफोनचं राहिलं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये इंटेक्सने मोझिलाच्या फायरफॉक्स ओएस या सिस्टीमवर चालणारा एक फोन आणला होता, १९९९ रुपयांत. मी सहा मागवले, चार परत आले. २०१५ संपताना मोझिलाने फोनसाठी फायरफॉक्स ओएस गुंडाळलं, सगळे म्हणाले फेल. पण त्याच कोडमधून पुढे कायओएस निघालं, ते २०१७ मध्ये जिओफोनमध्ये बसलं, पंधराशे रुपये डिपॉझिट, आणि २०१८ मध्ये काही मोजण्यांत भारतात ते अँड्रॉइडच्या मागोमाग दुसऱ्या नंबरावर होतं, आयफोनच्या पुढे! तुमच्या पेपरात कधी हेडलाइन आली का की कायओएसने ऍपलला हरवलं? नाही आली, आणि बरं झालं, कारण शेजारच्या भाजीवाल्या मावशीने आयफोन सोडून जिओफोन नाही घेतला. तिला पहिल्यांदा इंटरनेट मिळालं आणि व्हिडिओ कॉलवर नातू दिसला. तिच्या दृष्टीने ते यश आहे आणि त्याचा आयफोनशी काडीचा संबंध नाही. एकाच तक्त्यात दोघांना बसवून कोण वर कोण खाली करायचं म्हणजे राजवाड्यावरच्या टेम्पोची आणि बायपासवरच्या गाडीची शर्यत लावणं झालं.

एक गोष्ट मराठी वाचकांच्या कामाची. २०१०-११ च्या वेळी अँड्रॉइड धडाधड वाढत होतं, आणि त्यातल्या कितीतरी फोनवर मराठी उघडलं की नुसते चौकोन दिसायचे. वेलांटी एकीकडे अक्षर एकीकडे. लोक माझ्याकडे फोन घेऊन यायचे, मी ऑपेरा मिनी टाकून द्यायचो आणि त्याच्या गुप्त सेटिंगमध्ये जाऊन बिटमॅप फॉन्ट चालू करून द्यायचो म्हणजे अक्षरं चित्रासारखी यायची, हळू यायची पण यायची. लोकमान्य नगरातले एक आजोबा त्यावर रोज पुण्याचा पेपर वाचायचे. त्या वर्षी अँड्रॉइडचा हिस्सा दुप्पट तिप्पट झाला म्हणून बातम्या होत्या, आजोबांच्या लेखी त्या फोनमध्ये वाचण्यासारखं काहीच नव्हतं.

आणखी एक, ज्याची गिनती कुठेच होत नाही. जेल रोडला जुन्या आयफोनचा केवढा बाजार आहे ते एकदा बघून या. माझा भाचा पलासियाला नोकरी करतो, त्याने तिसऱ्या हाताचा आयफोन घेतलाय, आधीचे दोन मालक कोण आणि कुठले देव जाणे. शिपमेंटमध्ये तो फोन एकदाच मोजला गेला, कदाचित दुबईत, कदाचित दिल्लीत, चार-पाच वर्षांपूर्वी. आज तो इंदूरला रोज वापरात आहे. आयफोन ६एस २०१५ चा, त्याला २०२१ चं आयओएस १५ हे अपडेट सुद्धा मिळालं होतं. त्याच काळात मी दहा हजाराचे जे अँड्रॉइड विकले त्यांना एखादं अपडेट आलं तर नशीब. तीन वर्षांत गिऱ्हाईक नवीन फोन घ्यायला परत, आणि प्रत्येक वेळी शिपमेंटमध्ये एक आकडा वाढला. म्हणजे फोन जितका लवकर बाद होईल तितका टक्का वर! आता कुठे गूगल आणि सॅमसंगने महागड्या फोनना सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलंय, पिक्सेल ८ आणि एस २४ पासून. माझ्या दुकानातला दहा-बारा हजारवाला अजून त्यात नाही.

तेव्हा पुढच्या वेळी ती चौकट छापाल तेव्हा टक्के जरूर छापा पण शेजारी लिहा की हे बिलिंग आहे की वापर, आणि जमलं तर एक रकाना वाढवा, पाच वर्षांपूर्वी विकलेल्यांपैकी आज चालू किती. हा आकडा कोणी देत नाही. तुमच्या बातमीदाराला पाठवा दुकानावर, ड्रॉवर उघडून दाखवतो, चहा माझ्याकडून.

आणि त्यांनी विचारलं की या सगळ्यात आजही काय विकलं जातं तर सांगतो, बीएल-५सी बॅटरी. २००३ मध्ये आलेल्या नोकिया ११०० मध्ये बसायची ती. नोकिया गेली, सिम्बियन गेलं, पण तीच बॅटरी आज साध्या कीपॅड फोनमध्ये, छोट्या रेडिओत, कुठेही बसते, म्हणून आठवड्याला दोन-चार तरी जातातच. मागच्या महिन्यात एक काकू खरा ११०० घेऊनच आल्या होत्या, टॉर्चसाठी ठेवलाय म्हणाल्या, लाइट गेली की लागतो. नवीन बॅटरी घातली, पेटला.

आपला,
रामबागेतला एक जुना मोबाईलवाला, इंदूर